सोळा किलो

मधुसूदन चकोले आणि मी एकवीस वर्षं एकाच कंपनीच्या बसने हिंगण्याला कामाला जात आलो. तो स्टोअरमध्ये, मी क्वालिटीत. घरंही दोघांची जयताळ्यात, मधे दोन गल्ल्या. तो अठ्ठ्याण्णव किलोचा होता. उंची बेताची, त्यामुळे सगळं वजन पोटावर आणि मानेवर दिसायचं. बसमध्ये दोघांच्या सीटवर तो एकटाच मावायचा. कोणी चिडवलं तर आधी तोच हसायचा. "खात्यापित्या घरचा आहो गा मी," म्हणायचा.

आणि खरंच खायचा. सकाळी बस यायच्या आधी चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोह्याची प्लेट, वरून मूठभर शेव. दुपारी कॅन्टीनमध्ये भात दोनदा. चारला दोन समोसे. दिवसाचे सहा-सात चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. आणि घरी सुमतीवहिनी, ज्यांना समोरच्याच्या ताटात रिकामी जागा बघवायची नाही. हिवाळ्यात त्यांच्या हातची कोथिंबिरीची सांबारवडी आमच्याकडेही डबा भरून यायची.

वहिनींना बरीच वर्षं बीपी होतं. गोळी आठवली तर घ्यायच्या. एका दिवाळीनंतर त्यांचे हातपाय सुजायला लागले, चकलीच्या सोऱ्यावर जोर दिला म्हणून हात सुजले असं त्या म्हणत राहिल्या, आणि डिसेंबरात एक दिवस बाथरूममधून बाहेर येताना धाप लागून दारातच बसल्या. धंतोलीतल्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं डायलिसिस सुरू झालं.

त्यांची मुलगी वेदिका तेव्हा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "आईले माही किडनी द्या." वहिनी खाटेवर पडून होत्या, त्या उठून बसल्या.

"लेकीच्या पोटाले माह्यासाठी चिरा नाही लागाचा. हा विषय घरात पुन्हा निघाला तं मी डायलिसिसलेही जात नाही."

विषय पुन्हा निघाला नाही. वहिनींच्या भावाला साखर होती. राहिला मधुसूदन. त्याचा रक्तगट चालत होता, साखर ठीक होती, बीपी थोडंसंच वर, किडन्या उत्तम होत्या. डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले आणि त्याला काट्यावर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो मला म्हणाला, "ब्याऐंशीच्या आत या म्हणते. त्याच्याबिगर टेबलावर घेतच नाही. एकच किडनी राहिल्यावर तिले एवढा देह झेपाचा नाही म्हणे." मग खिडकीबाहेर बघत राहिला. "सोळा किलो गा गोपाळ. बेअरिंगची एक पेटी सोळा किलोची भरते. मी रोज उचलतो थे."

दवाखान्यात अश्लेषा नावाची आहारतज्ज्ञ होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. मधुसूदन मला सोबत घेऊन गेला, कारण एकट्याने जायची त्याला लाज वाटत होती. खुर्चीवर बसल्या बसल्या तो म्हणाला, "मॅडम, काय बंद कराचं थे सांगा. उद्यापासून सगळं बंद."

"सगळं बंद केलंत तर तीन आठवडे टिकाल काका," ती म्हणाली. "मला तुम्ही सात-आठ महिने हवेत."

तिने कसलाही कडक उपास दिला नाही. तो काय खातो, कधी खातो, कुठे बसून खातो हे पाऊण तास विचारत राहिली. समोसा कळला, पण टीव्हीसमोर रोज एक वाटी शेंगदाणे जातात हे त्यालाच तेव्हा आठवलं. मग तिने एकेक गोष्ट हलवली. मोठं ताट काढून नाश्त्याची प्लेट घ्यायची, तिच्यात अर्धी जागा भाजी-काकडीला. चहा दोनच, हळूहळू बिनसाखरेचा. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. टीव्हीसमोर खायचं नाही. रात्रीचं जेवण आठच्या आत. रोज पाऊण तास चालायचं, जमलं तर तासभर. आणि जेवणाच्या आधी दोन ग्लास पाणी.

"एवढंच?" मधुसूदनने विचारलं.

"एवढंच. पण रोज."

पहिला महिना त्याला वाटलं त्यापेक्षा सोपा गेला. बिनसाखरेचा चहा पिताना तो औषध घेतल्यासारखं तोंड करायचा. कॅन्टीनमध्ये भात एकदाच घेऊन ताट लगेच धुवायला टाकायचा, म्हणजे परत रांगेत उभं राहायचा मोह नको. कंपनीची बस घराजवळ सोडायची, तो दोन थांबे आधी उतरायला लागला. मीही त्याच्यासोबत उतरायचो. दवाखान्यात मेट्रोने जाताना सरकता जिना सोडून साधा जिना चढायचा आणि वर पोचल्यावर कठड्याला धरून उभा राहायचा. महिन्याभरात साडेतीन किलो उतरले. मी मात्र त्याच्यासमोर समोसे खात राहिलो. थांबावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. आज आठवलं की बरं वाटत नाही.

घरात दोन स्वयंपाक होते आणि दोन्ही बेचव. वहिनींची भाजी दोनदा उकळून पाणी फेकायचं, मीठ नावाला. संत्री घरात आणायची नाहीत, टमाटे नाहीत, डाळ मोजून. आणि पाणी. दिवसाला एक लिटर. सकाळी वेदिका एक बाटली भरून ओट्यावर ठेवायची. चहा, वरणाचं पाणी, गोळ्यांसोबतचा घोट, सगळं त्यातूनच वजा व्हायचं.

एप्रिलच्या शेवटी ऊन पंचेचाळीसवर गेलं. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. पुढचं दार लोटलेलं होतं म्हणून मागून वळसा घेतला. मागच्या अंगणात मधुसूदन भिंतीकडे तोंड करून उभा होता. हातात तांब्या. नळ अगदी बारीक सोडलेला, आवाज होऊ नये म्हणून, आणि तो घाईघाईने पाणी पीत होता. मला पाहून दचकला.

"काय करून राहिला गा?" मी विचारलं.

"जेवणाआधीचं पाणी." त्याने तोंड पुसलं. "तिच्यासमोर कसा पिऊ? सकाळपासून बर्फाचा एक खडा चघळून राहिली थे."

आम्ही आत गेलो. कूलरचा आवाज चालू होता. वहिनी जमिनीवर चटई टाकून बसल्या होत्या, चेहरा काळवंडलेला, ओठ सोललेले. त्यांनी मधुसूदनच्या ओल्या बाहीकडे पाहिलं.

"मले समजते," त्या म्हणाल्या. "दहा दिवस झाले. तुम्ही इथंच बसून पेत जा. तेवढं पाहू तरी द्या."

त्यानंतर तो त्यांच्यासमोर बसून पाणी प्यायला लागला. मी एकदाच ते पाहिलं. पुन्हा जेवायच्या वेळेला त्यांच्याकडे गेलो नाही.

जूनमध्ये काटा एकोणनव्वदवर अडकला. एक आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे. तेवढंच खाणं, तेवढंच चालणं, आणि काटा हलेना. त्याच दिवसांत वहिनींच्या हातातली डायलिसिससाठी जोडलेली नस बंद पडली. दुसऱ्या हाताची नस तयार व्हायला वेळ लागणार होता. तोपर्यंत मानेत नळी बसवली. ती बसवली त्या गुरुवारी मधुसूदन दवाखान्यातून बाहेर पडला, धंतोलीतून चालत सीताबर्डीला गेला आणि एका ठेल्यासमोर उभा राहिला.

"तर्री-पोह्याच्या तीन प्लेटा," दुसऱ्या दिवशी त्याने मला सांगितलं. "वर पाव किलो जिलेबी. कसं लागलं म्हणशील तं आठवतच नाही मले. निस्तं कोंबत गेलो."

"वहिनीला सांगितलं?"

"सांगितलं न. तिच्यापासून काय लपवू? थे म्हणे, पोट भरलं? म्हटलं, हाव. म्हणे, मग उद्यापासून पुन्हा." त्याने बसची खिडकी सरकवली. "अन् मंग म्हणाली, तुम्ही माह्यापायी उपाशी राहून राहिले थे मले पाहवत नाही. पण मी तुम्हाले थांबा नाही म्हणत. मले जगाचं आहे."

बस एमआयडीसीच्या फाटकात शिरली. आम्ही उतरलो आणि आपापल्या डिपार्टमेंटला गेलो.

अडकलेला काटा शेवटी वेदिकानं सोडवला. तिने एक दिवस घरी राहून आई फोडणी कशी देते ते पाहिलं. वहिनी हाताच्या सवयीने तेल ओतायच्या, डावभर, दीड डाव. इतकी वर्षं तसंच चाललं होतं. वेदिकाने तेलाच्या किटलीऐवजी चमचा आणून ठेवला. जेवणात पोळ्यांऐवजी एक ज्वारीची भाकरी आली. आणि मधुसूदन वेदिकाच्या ताटात उरलेला घास 'वाया नको जायला' म्हणून रोज खायचा, ते तिने बंद केलं. "तुम्ही कचऱ्याचा डबा आहात का बाबा?" असं ती म्हणाली, आणि त्याला वाईट वाटलं. पण काटा हलला.

वहिनी नळी असलेल्या मानेला रुमाल गुंडाळून स्वतः त्याच्या भाकऱ्या थापायच्या. बसूनच थापायच्या, उभं राहणं होत नसे. एकदा मला म्हणाल्या, "गोपाळभाऊ, सत्तावीस वर्षं याईले जास्त खाऊ घालण्यात गेले. आता कमी खाऊ घालून राहिली. दोन्ही मीच."

चालण्याची वेळ आम्ही पहाटेची ठेवली. मधुसूदनची पँट पट्ट्याने गोळा करून बांधलेली असायची. गल्लीतले लोक विचारायचे, कोणतं मशीन घेतलं, कोणती पावडर. तो म्हणायचा, लहान प्लेट. लोकांना वाटायचं हा टाळतोय. पोळ्याच्या सुमारास चौऱ्याऐंशी. मग त्र्याऐंशी. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी त्याने फोन केला, "एक्याऐंशी सातशे," आणि ठेवून दिला.

दवाखान्याच्या काट्यानेही तेच सांगितलं. डॉक्टरांनी उठून त्याचा हात हातात घेतला. अश्लेषाने बाकीच्या पेशंटांसमोर टाळ्या वाजवल्या. मंजुरी देणाऱ्या समितीसमोर दोघांना बोलावलं. कायद्याप्रमाणे तिथे विचारतात, कुणाच्या दबावाखाली तर देत नाही ना, का देता. समोरचे साहेब थांबले होते. शेवटी मधुसूदन म्हणाला, "सोळा किलो कमी केलं साहेब." साहेबांनी सही केली. बाहेर आल्यावर वहिनी हसून हसून भिंतीला टेकल्या, असं वेदिकाने मला सांगितलं. ऑपरेशनला चोवीस सप्टेंबर तारीख मिळाली.

तेरा तारखेला डायलिसिस चालू असतानाच वहिनींना हुडहुडी भरली. दोन चादरी टाकूनही दात वाजत होते. मानेतल्या नळीवाटे जंतू रक्तात गेले होते. अशा नळीत हे होतं, कितीही काळजी घेतली तरी होतं, असं डॉक्टरांनी आधीही सांगितलं होतं. त्यांनी नळी काढली, दुसरी बसवली, औषधं बदलली. वहिनींना आयसीयूत हलवलं.

सहा दिवस आम्ही खालच्या बाकड्यांवर बसून काढले. मी रजा टाकली होती. वेदिका घरून डबा आणायची. पहिल्या दिवशी मला वाटलं मधुसूदन जेवणार नाही. पण एक वाजला की तो डबा उघडायचा. एक भाकरी, भाजी, काकडीचे काप. भाकरीचा तुकडाही जास्त नाही, कमी नाही. सावकाश चावायचा. शेजारी एका पेशंटचे नातेवाईक वडे खात होते, त्यांनी आग्रह केला तर हात जोडले.

"खा ना थोडं," मी म्हणालो. "आज कोण बघतंय?"

"तारीख पुढं जाईन फक्त," तो म्हणाला. "महिनाभर म्हण. तवर वजन वाढाले नको."

चौथ्या दिवशी वहिनी शुद्धीवर आल्या होत्या. काचेतून त्यांनी हात हलवला. मधुसूदनने स्वतःच्या पोटावर हात ठेवून अंगठा दाखवला, सगळं ठीक आहे, मी तयार आहे, असा. त्या रात्री पुन्हा ताप चढला. एकोणीस तारखेला सकाळी दहाच्या सुमारास डॉक्टर खाली आले. ते जिन्यावर दिसले तेव्हाच वेदिका उठून उभी राहिली. मधुसूदन बसूनच होता. डॉक्टरांचं बोलणं संपल्यावर त्याने विचारलं, "आता काही नाही करता येत? मी खालीच आहो न." डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तेरवीला गावाकडचे सगळे आले. बऱ्याच जणांनी त्याला वर्षभर पाहिलं नव्हतं. त्याची थोरली बहीण शोभाताई मौद्याहून आली, तिने त्याचं मनगट धरलं आणि मोठ्याने रडायलाच लागली. "बायकोच्या दुःखानं अर्धा झाला वं माहा भाऊ!" बाकीच्या बायकांनीही तोंडाला पदर लावला. मला सांगावंसं वाटलं की हे बारा दिवसांचं नाही. मधुसूदनने माझ्याकडे पाहून मान हलवली, राहू दे. त्याच्या पानात लाडू वाढला. त्याने तो खाल्ला. दुसरा वाढला, तोही खाल्ला.

ऑक्टोबरात एक दिवस तो मला म्हणाला, चल. मला वाटलं वहिनींचे राहिलेले कागद आणायचे असतील. तो थेट अश्लेषाच्या खोलीत गेला.

"मॅडम," तो म्हणाला, "मी अजून ब्याऐंशीच्या आतच आहो. तपासण्या सगळ्या झालेल्या आहेत. कोणाले चालते का पाहा. इथं किती जण वाट पाहून राहिले."

तिने पाणी पुढे केलं. मग हळूहळू सांगितलं, जिवंत माणसाला अशी कोणालाही किडनी देता येत नाही. जवळचं नातं लागतं. अनोळखी माणसाला द्यायला परवानगी सहसा मिळत नाही, आणि न मिळण्यामागे कारणं आहेत.

"म्हणजे हे असंच राहीन माह्याजवळ?"

"काका, तुमचं बीपी उतरलंय. तुमच्या गुडघ्यांना, हृदयाला... तुम्ही स्वतःसाठी..."

"मले माह्या हृदयाचं काय सांगता पोरी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तोच उठला आणि "येतो" म्हणाला.

हिवाळाभर तो खात सुटला. चौकातला ठेला, कॅन्टीनची दुसरी थाळी, समोसे. आधी खाताना बोलायचा, नावं ठेवायचा, वाहवा करायचा. आता फक्त संपवायचा. पहाटे चालायला जाताना मी त्याच्या घराच्या फाटकाशी उभा राहायचो, तो यायचा नाही. जानेवारीत तो एकोणनव्वदवर होता आणि कंपनीच्या तपासणीत बीपी पुन्हा वर. लिहून दिलेली गोळी त्याने आणलीच नव्हती. त्या रविवारी मी त्यांच्याकडे बसलो असताना वेदिकाने तो रिपोर्ट पाहिला. दोन वेळा वाचला.

"आईनंही गोळ्या अशाच विसरल्या होत्या," ती म्हणाली. "माह्याजवळ आता एकच माणूस उरला आहे बाबा. थे तरी तुम्ही खाऊन टाकू नका."

सोमवारी पहाटे मधुसूदन फाटकाशी आला. त्याने गोळी सुरू केली. चहातली साखर गेली. उत्साह वगैरे काही नव्हता, सकाळी उठून दात घासावेत तसं चाललं होतं.

फेब्रुवारीत अश्लेषाचा फोन आला. अस्मिता नावाची एक बाई आहे, नवऱ्याला किडनी द्यायची आहे, नऊ किलो जास्त भरते आणि दोन महिने झाले तरी एक किलोही उतरत नाही. तुम्ही बोलाल का? त्याने दोन दिवस घेतले, मग हो म्हटलं. बाई शनिवारी दुपारी घरी आली. पस्तिशीची असेल. घाबरलेली, बोलता बोलता पदर पिळणारी.

तो तिच्याशी तासभर बोलला. इतका तो मागच्या सहा महिन्यांत बोलला नव्हता. "काय खाता थे नका सांगू," म्हणाला, "खाणं संपल्यावर काय खाता थे सांगा." तिने विचार केला आणि सांगितलं, मुलांच्या ताटातलं, आणि भांडी घासायच्या आधी कढईतलं. त्याने मान डोलावली. तेल चमच्याने घ्या. भूक लागली की आधी उठून घराला एक फेरी मारा. काटा एका जागी अडकीन, महिनाभर अडकीन, तवा घाबरू नका अन् ठेल्यावर जाऊ नका. मी गेलो होतो. बाई हे सगळं मोबाइलमध्ये लिहून घेत होती.

निघताना चपला घालता घालता तिने विचारलं, "अन् तुमच्या मिसेस? कशा आहेत आता?"

वहिनींचा फोटो आतल्या खोलीत होता, तिने पाहिला नव्हता. मी मधुसूदनकडे पाहिलं.

"बरी आहे," तो म्हणाला.

बाईचा चेहरा उजळला. तिने वाकून नमस्कार केला आणि गेली. दार लावून तो तिथेच उभा राहिला.

"खोटं काहून बोलला गा?" मी विचारलं.

"तिले नऊ किलो उतरवाचे आहेत अजून," तो म्हणाला.

अस्मिताबाईंचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. अश्लेषाने फोन करून कळवलं, दोघंही व्यवस्थित आहेत, तुम्हाला भेटायचं म्हणतात. मधुसूदन गेला नाही. त्या दिवशी मंगळवार होता, आम्ही कामावर गेलो, आणि संध्याकाळी दोन थांबे आधी उतरून तो घरापर्यंत चालत गेला.